लोकांनी वेड्यात काढलं, पण या मास्तरनं दोन वयस्कर घोडे घेऊन १६ हजार किलोमीटरचा पल्ला गाठला

अर्जेंटिनात दरवर्षी २० सप्टेंबरला राष्ट्रीय घोडा दिन असतो. आता घोड्याच्या नावानं दिवस म्हटलं की वाटतं, या तारखेला एखादी मोठी लढाई झाली असेल, एखाद्या सेनापतीनं घोड्याच्या जिवावर मैदान मारलं असेल.

पण तसं काहीच नाही. या तारखेमागं लढाई नाही, राजा नाही आणि सेनापतीही नाही. आहे तो एक शाळामास्तर आणि त्याचे दोन घोडे.

मास्तरचं नाव एमे चिफेली. १९२५ च्या एप्रिल महिन्यात तो अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समधून घोड्यावर बसून निघाला आणि १९२८ च्या २० सप्टेंबरला अमेरिकेतल्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचला. मधला प्रवास सुमारे १० हजार मैलांचा, म्हणजे १६ हजार किलोमीटरचा. वाटेत अँडीज पर्वत, वाळवंटं, दलदल, जंगलं आणि चालू असलेली बंडं.

आज घोड्यावरून लांब पल्ला गाठणं हा जगभर खेळला जाणारा खेळ आहे. त्याला एन्ड्युरन्स रायडिंग म्हणतात. हा खेळ नेमका कशाचा कस बघतो, हे समजून घ्यायचं असेल तर नियमांच्या आधी चिफेलीची गोष्ट बघावी लागते.

हा चिफेली होता कोण?

चिफेलीचा जन्म १८९५ चा, स्वित्झर्लंडमधला. तरुणपणी तो इंग्लंडला गेला, तिथं शाळेत शिकवू लागला. फुटबॉल खेळायचा, बॉक्सिंगही करायचा. पुढं तो अर्जेंटिनाला गेला आणि ब्युनोस आयर्सजवळच्या किल्मेस गावात इंग्रजी पद्धतीच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागला.

नोकरी चांगली होती. पगार वेळेवर, राहायची सोय आणि वर्षाला ठरलेल्या सुट्ट्या. पण वयाची तिशी जवळ आली तसं त्याला वाटायला लागलं की हे असंच चालू राहिलं तर आपण खडू हातात धरूनच म्हातारे होणार. सुट्टीत तो गवताळ माळांवर फिरायचा. तिथल्या गुराख्यांचे, म्हणजे गाउचो लोकांचे घोडे त्यानं जवळून बघितले होते. त्या घोड्यांचा काटकपणा त्याच्या डोक्यात बसला होता.

तो काही नावाजलेला घोडेस्वार नव्हता. शर्यती जिंकलेला नव्हता आणि सैन्यातलाही नव्हता. तरीही त्यानं ठरवलं की घोड्यावरून दक्षिण अमेरिकेतून थेट उत्तर अमेरिका गाठायची. बातमी फुटल्यावर लोकांनी त्याला वेड्यात काढलं. काहींचं म्हणणं होतं की हे घोड्यांवर क्रौर्य आहे. वाटेत घोडे मरणार आणि त्यांच्यासोबत हा पण मरणार, असा एकूण सूर होता.

प्रश्न एका जातीच्या अस्तित्वाचा होता

यात चिफेलीची हौस होतीच, पण अजून एका माणसाचं बरंच काही पणाला लागलं होतं. त्याचं नाव डॉ. एमिलिओ सोलानेत. सोलानेत पशुवैद्यक होते, प्राध्यापक होते आणि क्रिओलो जातीचे घोडे पाळणारे शेतकरी होते.

क्रिओलो घोड्याची गोष्ट सोळाव्या शतकापासून सुरू होते. १५३६ च्या सुमाराला स्पेनच्या पेद्रो दे मेंदोसानं ब्युनोस आयर्सची वसाहत उभी केली. त्या वेळी जहाजांतून स्पॅनिश घोडे आले. ती वसाहत टिकली नाही, पण मागं राहिलेले घोडे माळरानावर मोकाट झाले. पुढची काही शतकं दुष्काळ, थंडी, वणवे आणि जंगली जनावरं यातून जे वाचले त्यांचीच पिल्लं पुढं आली. उंची साधारण १४० ते १५० सेंटीमीटर, अंग आटोपशीर, हाडं मजबूत आणि मिळेल त्या चाऱ्यावर भागवायची सवय, असा हा घोडा तयार झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मात्र अर्जेंटिनात युरोपातून आणलेल्या घोड्यांची क्रेझ आली. उंच, देखणे, पळायला वेगवान. त्यांच्यापुढं गावठी क्रिओलो गबाळा दिसायचा. मग संकर सुरू झाला आणि अस्सल क्रिओलो कमी कमी होत गेला. सोलानेत आणि त्यांच्यासारख्या काही लोकांनी ही जात वाचवायची खटपट केली, १९२३ मध्ये क्रिओलो पाळणाऱ्यांची संघटना उभी राहिली. पण नोंदवही ठेवून आणि प्रदर्शनं भरवून लोकांचं मत बदलत नव्हतं.

अशा वेळी चिफेली सोलानेत यांच्याकडं घोडे मागायला गेला. त्याला स्वतःसाठी प्रवास हवा होता, सोलानेतना आपल्या घोड्यांसाठी पुरावा हवा होता. सोलानेत यांनी दोन घोडे दिले. एकाचं नाव मांचा, दुसऱ्याचं नाव गातो.

मांचा आणि गातो

आपल्याकडं गातो म्हटलं की गाणं आठवेल, पण स्पॅनिशमध्ये गातो म्हणजे मांजर. या घोड्याच्या तपकिरी रंगाला तिकडं गातेआदो म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. मांचा म्हणजे डाग. तो अबलख होता, अंगावर पांढरे आणि तांबूस पट्टे होते.

दोघंही दक्षिणेकडच्या पातागोनियातले. सोलानेत यांनी ते तेहुएल्चे या आदिवासी समाजाच्या एका प्रमुखाकडून कळपासोबत विकत घेतले होते. तिथून सोलानेत यांच्या एल कार्दाल या शेतापर्यंत हा कळप हजार किलोमीटरहून जास्त अंतर चालत आला होता.

आणि वय? पंधरा-सोळा वर्षं. घोड्याचं आयुष्य साधारण २५ ते ३० वर्षांचं धरतात. म्हणजे ज्या वयात घोड्याचं काम हलकं करायचा विचार सुरू होतो, त्या वयात हे दोघं दोन खंड ओलांडायला निघाले होते.

दोघांनी आयुष्यात शहर बघितलं नव्हतं. ब्युनोस आयर्सच्या तबेल्यात त्यांच्यापुढं उत्तम लसूणघास आणि ओट ठेवले, तर त्यांनी त्याला तोंडही लावलं नाही. खाली अंथरलेलं वाळकं काड मात्र ते आवडीनं खात बसले. बघणाऱ्यांना ते हास्यास्पद वाटलं असेल, पण पुढं याच सवयीनं त्यांना तारलं. कारण अँडीजच्या डोंगरात ओट कोण देणार होतं?

स्वभावानं दोघं दोन टोकांचे. मांचा तापट आणि सावध. अनोळखी माणूस जवळ आला की लाथ तयार. चिफेलीशिवाय दुसऱ्या कुणाला तो पाठीवर बसू द्यायचा नाही. रात्री मुक्कामाला तोच राखणदार. गातो शांत आणि कामाला लावाल तिकडं जाणारा. चिफेलीनं पुढं लिहून ठेवलं की हे घोडे बोलू शकले असते तर मनातली गुपितं त्यानं गातोला सांगितली असती आणि मजा करायला बाहेर पडताना मांचाला सोबत घेतलं असतं.

प्रवासाचं गणित

चिफेलीची पद्धत साधी होती. एका घोड्यावर स्वतः बसायचं, दुसऱ्याच्या पाठीवर सामान टाकायचं आणि दोघांची अदलाबदल करत राहायचं. स्वार सतत हलतो, त्यामुळं पाठीचे वेगवेगळे भाग घासले जातात. सामानाचं ओझं निर्जीव असतं, ते एकाच जागी दाबत राहतं. बदल केला की दोन्ही पाठींना आराम मिळतो. लांबच्या प्रवासात पाठीला जखम झाली की घोडा बसलाच समजा.

दुसरी गोष्ट वेगाची. चिफेली घोडे पळवत नव्हता. घोड्याचा दम दौडीत पटकन संपतो, चालीत तो दिवसभर पुरतो. उभा चढ किंवा उतार आला की तो स्वतः खाली उतरून चालायचा. एखाद्या ठिकाणी चारा-पाणी चांगलं मिळालं तर तिथं मुक्काम वाढवायचा. कुठं कधी पोहोचायचं हे घोड्यांच्या तब्येतीवर ठरायचं.

बोलिव्हियात ते पोतोसी शहरापर्यंत पोहोचले तेव्हा उंची होती समुद्रसपाटीपासून सुमारे ४ हजार मीटर. या उंचीवर हवा विरळ होते आणि चार पावलं टाकली तरी धाप लागते. सपाट प्रदेशातल्या घोड्याला इथं जोर लावायला लावलं तर तो कोसळू शकतो. म्हणून पुन्हा तोच उपाय, हळू चालायचं आणि वारंवार थांबायचं.

पेरूच्या डोंगरातल्या अरुंद वाटेवर गातोचा पाय घसरला आणि तो उतारावरून खाली गेला. खाली खोल दरी होती. नशिबानं मध्ये एक झाड होतं, त्याला तो अडकला. अशा वेळी घोडा घाबरून पाय झाडतो आणि उरलासुरला आधारही घालवतो. गातो हलला नाही. चिफेलीनं दोर लावून, माणसांच्या मदतीनं त्याला वर काढलं.

पुढं दोरांचा झुलता पूल आला. एका वेळी एकच घोडा नेता येणार होता. मांचा मधोमध पोहोचला आणि पूल जोरात हलायला लागला. मांचा जागेवर थांबला, पूल स्थिर झाल्यावर पुन्हा चालू लागला.

डोंगर संपले तर पेरूच्या किनाऱ्यालगतची वाळवंटं सुरू झाली. त्यातल्या एकाचं नाव माताकाबाय्यो, अर्थ घोडे मारणारं. इथला हिशोब निराळाच होता. घोड्याला दिवसाला कितीतरी बादल्या पाणी लागतं. दोन घोड्यांना पुरेल एवढं पाणी बरोबर घेतलं तर त्या ओझ्यानंच घोडे थकणार. म्हणून चिफेलीनं पाणी वाहून नेण्याऐवजी ओझं कमी केलं आणि ऊन टाळून रात्री वाट तुडवली. कमीत कमी वेळात पलीकडं पोहोचणं हाच त्यावर उपाय होता.

जिथं वाट संपली तिथं जहाज

इक्वेडोर आणि कोलंबिया पार करून तिघं उत्तर किनाऱ्यावर आले. पुढं पनामा. पण कोलंबिया आणि पनामाच्या मध्ये दारिएनचं जंगल आणि दलदल आहे. या पट्ट्यातून आजही गाडीरस्ता नाही. चिफेलीनं तिथं हट्ट केला नाही, घोडे जहाजात चढवले आणि पनामा गाठलं.

निकाराग्वात त्या वेळी यादवी चालू होती. तिथंही त्यानं वाट बदलली आणि कोस्टा रिकातून जहाजानं एल साल्वादोर गाठलं. विक्रमासाठी प्रत्येक इंच घोड्यावरूनच, असा अट्टहास त्यानं धरला नाही. धरला असता तर कदाचित तिघांपैकी कुणीच परत आलं नसतं.

उष्ण प्रदेशातल्या जंगलात वेगळाच त्रास. रात्री रक्त पिणारी वटवाघळं घोड्यांना चावायची. गोचिडी, माश्या, चिखल हे रोजचंच.

मेक्सिकोत शिरल्यावर गातो लंगडायला लागला. पायाची दुखापत बळावली आणि पुढं चालणं अशक्य झालं. चिफेलीसमोर दोन पर्याय होते. घोडा तिथंच सोडायचा किंवा तो बरा होईल अशी सोय करायची. त्यानं गातोला रेल्वेनं मेक्सिको सिटीला पाठवलं आणि स्वतः मांचासोबत पुढं निघाला. मेक्सिकोतही तेव्हा बंडाळी होती, त्यामुळं काही भागात सैनिकांची सोबत घ्यावी लागली.

तोपर्यंत या प्रवासाची बातमी सगळीकडं पसरली होती. मेक्सिको सिटीत त्यांना बघायला लोकांनी रस्ते भरून टाकले. आणि तिथं बरा झालेला गातो वाट बघत होता.

शेवटचा धोका मोटारींचा

वाळवंट, दरी, दलदल यातून वाचलेल्या घोड्यांना खरी अडचण आली ती अमेरिकेच्या गुळगुळीत रस्त्यांवर. १९२८ सालची अमेरिका मोटारींनी भरलेली होती. अशा वाहतुकीतून दोन घोडे सांभाळत नेणं धोक्याचं होतं, म्हणून चिफेलीनं गातोला सेंट लुईसमध्ये ठेवलं आणि एकट्या मांचाला घेऊन निघाला. तरी एका मोटारीनं मांचाला धडक दिलीच. मांचा जखमी झाला, पण सावरला.

१९२८ च्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटी ते वॉशिंग्टनला पोहोचले. घोड्यावरून करायचा प्रवास चिफेलीनं इथंच संपवला. वाहनांच्या गर्दीत मांचाचा जीव पणाला लावायची त्याची तयारी नव्हती. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी त्याची भेट घेतली. पुढं न्यूयॉर्कमध्ये महापौर जिमी वॉकर यांनी त्याचा सत्कार केला.

परतीच्या वेळी अजून एक गोष्ट घडली. चिफेली आणि त्याचे घोडे व्हेस्ट्रिस नावाच्या जहाजानं निघणार होते. पण नॅशनल जिओग्राफिक सोसायटीनं त्याला भाषणाचं आमंत्रण दिलं आणि त्यानं जाणं पुढं ढकललं. नोव्हेंबर १९२८ मध्ये व्हेस्ट्रिस बुडालं, शंभराहून जास्त लोक गेले. चिफेली, मांचा आणि गातो नंतरच्या जहाजानं सुखरूप अर्जेंटिनाला पोहोचले.

मग आजच्या खेळाचा याच्याशी काय संबंध?

आधुनिक एन्ड्युरन्स रायडिंगची सुरुवात साधारण १९५५ पासून धरतात. त्या वर्षी कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी नावाच्या उद्योजकानं सोबत्यांना घेऊन डोंगरातून १०० मैलांची वाट एका दिवसात घोड्यावरून पार केली. तीच पुढं टेविस कप म्हणून प्रसिद्ध झाली आणि आजही भरते. आता आंतरराष्ट्रीय पातळीवर १६० किलोमीटरपर्यंतच्या स्पर्धा होतात.

यात घोडदौडीपेक्षा एक मोठा फरक आहे. वाट टप्प्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्यक घोडा तपासतात. हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळेत मिनिटाला ६४ किंवा त्याखाली आले पाहिजेत. अंगातलं पाणी कमी झालंय का हे बघायला कातडी चिमटीत धरून सोडतात, ती लगेच जागेवर गेली तर ठीक. मग घोड्याला दुडक्या चालीनं नेऊन लंगडतोय का ते बघतात. यात कुठं शंका आली तर स्वार पहिल्या नंबरवर असला तरी बाहेर. शेवटची रेषा ओलांडल्यावरही तपासणी असते, त्यात घोडा नापास झाला तर निकाल मिळत नाही. टेविसमध्ये तर पहिल्या दहा घोड्यांतून ज्याची तब्येत सगळ्यात चांगली राहिली त्याला वेगळा हॅगिन कप देतात.

चिफेलीच्या सोबत पशुवैद्यक नव्हता आणि नियमांचं पुस्तकही नव्हतं. पण गातोला रेल्वेत बसवणं, सेंट लुईसला थांबवणं, वॉशिंग्टनला प्रवास संपवणं हे सगळे निर्णय त्यानं याच कसोटीवर घेतले. घोडा पुढं जायला ठणठणीत आहे का, एवढा एकच प्रश्न. आजचा खेळ तोच प्रश्न डॉक्टरांकरवी विचारतो.

क्रिओलो घोड्याचं पण भलं झालं. ज्या जातीला गबाळी म्हणून बाजूला सारलं होतं, तिच्याच पंधरा-सोळा वर्षांच्या दोन घोड्यांनी दोन खंडांचा प्रवास पूर्ण केला होता. आज दक्षिण अमेरिकेत क्रिओलो घोड्यांची ७५० किलोमीटरची मार्च नावाची परीक्षा होते. साधारण दोन आठवडे चालायचं आणि खायला फक्त वाटेवरचं गवत, असा तिचा नियम.

पुढं तिघांचं काय झालं?

चिफेलीनं या प्रवासावर पुस्तक लिहिलं, ते १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये छापून आलं आणि गाजलं. मास्तरकी सुटली ती सुटलीच. तो लंडनला राहिला, लेखक झाला, पुढं एका घोडीवरून इंग्लंडभर फिरला आणि त्यावरही लिहिलं.

मांचा आणि गातो परत एल कार्दालला गेले. त्यांच्याकडून पुन्हा कुणी काम करून घेतलं नाही. चिफेली बऱ्याच वर्षांनी त्यांना भेटायला गेला तेव्हा त्याच्या शिट्टीचा आवाज ऐकून दोघं धावत आले, असा किस्सा तिकडं सांगितला जातो. गातो १९४४ मध्ये गेला, मांचा १९४७ मध्ये. म्हणजे दोघंही पस्तिशीच्या आसपास किंवा त्याहून जास्त जगले. त्यांची कातडी जतन करून उभे केलेले पुतळे आज लुहान गावच्या संग्रहालयात बघायला मिळतात.

चिफेली १९५४ मध्ये लंडनला वारला, वय होतं ५८. त्याच्या अस्थी अर्जेंटिनाला नेल्या गेल्या आणि ब्युनोस आयर्सच्या दफनभूमीत ठेवल्या. १९९८ मध्ये त्या तिथून काढून एल कार्दालच्या शेतात आणल्या. तिथंच मांचा आणि गातोचे अवशेष पुरलेले आहेत. आज तिघंही एकाच शेतात आहेत.